रोममध्ये घातलेली शपथ

जून आला की सिंगापूरच्या सकाळच्या बसमधून शाळेची मुलं नाहीशी होतात. एरवी साडेसहाला मरीन परेडच्या थांब्यावर दप्तरांच्या ओझ्याखाली उभ्याउभ्या डुलक्या घेणारी ही जनता एका सोमवारी एकदम गायब होते आणि बसमध्ये चक्क बसायला जागा मिळते. इथे ऋतू असे कळतात. झाडं बारा महिने तितकीच हिरवी, हवा बारा महिने तितकीच दमट. पाऊस कधीही पडतो, त्यामुळे त्याचं कोणाला कौतुक नाही. जून म्हणजे रिकामी बस, फळांच्या दुकानांपुढे काटेरी डुरियनचे ढीग, त्यांचा तो दोन गल्ल्या आधीच वर्दी देणारा वास आणि लिफ्टमध्ये चाकांच्या बॅगा घेऊन अंग चोरून उभी असलेली कुटुंबं.

यंदाच्या जूनमध्ये वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीत मला गाठलं. "सर, तुमचं ते युरोपचं एक्सेल देता का? आईबाबांना घेऊन जायचंय."

माझं ते एक्सेल इथल्या मराठी मंडळींत बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. माझ्या बाकी कशाबद्दल कोणी विचारत नाही. मी व्यवसायाने प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे कामं दुसरे करतात आणि ती कधी होतील हे मी रंगीत चौकोनांत लिहितो. त्या फाइलमध्ये अकरा दिवस आहेत, लिस्बन, सेव्हिल आणि रोम अशी तीन शहरं आहेत आणि दर अर्ध्या तासाला एक चौकोन आहे. हिरवा म्हणजे बघणं, पिवळा म्हणजे खाणं, राखाडी म्हणजे प्रवास. तेव्हा माझी बायको मनीषा ते पाहून म्हणाली होती, "आणि श्वास कुठल्या रंगात घ्यायचा?"

पाच वर्षांनी मी ती फाइल उघडली. नवव्या दिवशी, रोमच्या पानावर, दुपारी चारला एक पिवळा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, ‘कॉफी, आईसाठी खास’. मी फाइल बंद केली आणि त्या मुलीला म्हटलं, "उद्या देतो."

*

त्या सहलीच्या आदल्या ऑक्टोबरात माझे वडील गेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी एकुलता एक, त्यामुळे पुढचं सगळं ठरवायला मीच आणि ठरवणं हाच माझा धंदा. डिसेंबरात आईला पुण्याहून सिंगापूरला घेऊन आलो. "थोडे दिवस चल," असं तिला सांगितलं होतं, पण माझ्या मनात थोडे दिवस नव्हते. बाहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी कशी राहणार? ती कायमची आमच्याकडे राहायला हवी होती. तिचा इथे राहण्याचा पास ऑगस्टमध्ये संपत होता. पुढचा काढायचा का, असं मी फेब्रुवारीपासून आडून आडून विचारत होतो आणि ती दर वेळी म्हणत होती, "बघू रे. सुट्टी होऊ दे सईची."

सई आमची मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. तिच्या जूनच्या सुट्टीत युरोपला जायचं मी ठरवलं ते खरं म्हणजे आईसाठी. तिला जग दाखवायचं, नवनवीन खाऊ घालायचं, हसवायचं आणि परत येईपर्यंत तिच्या तोंडून ‘राहते’ वदवून घ्यायचं. प्रेमळ लाच म्हणा. मला तेव्हा ती लाच वाटत नव्हती, सेवा वाटत होती. आपल्या बाबतीत हे शब्द पटकन बदलता येतात.

पुण्याच्या मावशीने फोनवर आईला सुनावलं, "अगं, अजून वर्ष झालं नाही त्यांना, आणि युरोप?"

आई म्हणाली, "नंदूने तिकिटं काढलीत." तिचं सहलीला येण्याचं कारण एवढंच होतं. शेजारी सोफ्यावर बसून ते ऐकत असूनही मला ते ऐकू आलं नाही.

*

अण्णांच्या अस्थी आम्ही नाशिकला गोदावरीत सोडल्या. तिथे गुरुजी म्हणाले, "त्यांच्या नावाने काही सोडायचं असेल तर आता मनात म्हणा." आमच्याकडे ही रीत आहे. गेलेल्या माणसासाठी खाण्यापिण्यातली आपल्याला आवडणारी एखादी गोष्ट सोडायची, ती जन्मभरासाठी. मी डोळे मिटले आणि कारलं सोडलं. कारलं मी आयुष्यात कधी खाल्लेलं नाही. पुरात वाहून जाणाऱ्या ओंडक्याला दान म्हणून पाण्यात ढकलावं, तसा तो माझा त्याग. मनीषाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

शेजारी आई डोळे मिटून उभी होती. माझ्यापेक्षा बराच जास्त वेळ. तिने काय सोडलं ते मी विचारलं नाही. तेव्हा लगेच विचारणं बरं दिसलं नसतं आणि नंतर राहून गेलं. राहून गेलं, हे मी आता म्हणतो. खरं म्हणजे ते विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

सिंगापूरला आल्यावर आई कशालाच नाही म्हणत नसे. पुढे येईल ते थोडंसं खायची. फक्त कॉफी घेत नसे. "पित्त होतं रे." जन्मभर कॉफी पिणाऱ्या बाईला बाहत्तराव्या वर्षी कॉफीचं पित्त व्हायला लागलं, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी तातडीने औषधांच्या दुकानात गेलो आणि पित्ताच्या गोळ्यांची मोठी बाटली आणून तिच्या उशाशी ठेवली. तिने ती मुकाट्याने कपाटात ठेवून दिली.

तिचे इथले दिवस मला आता जास्त स्पष्ट दिसतात. पहाटे साडेपाचला उठायची आणि सात वाजेपर्यंत आवाज होऊ नये म्हणून पलंगावरच बसून राहायची. स्वयंपाकघरात गेली तर मदतीला ठेवलेली बाई तिच्या हातातलं भांडं हसून काढून घ्यायची. कपडे मशीन धुवायचं, मशीनच वाळवायचं. मग आई वाळलेले कपडे एकदा घड्या घालून झाले की उलगडून पुन्हा घालायची. दुपारी पोहण्याच्या तलावाकाठच्या बाकावर, छत्री उघडून, कोणाचीही वाट न बघता बसलेली असायची. मी ऑफिसातून आलो की विचारायचो, "काय केलंस आज?" ती म्हणायची, "आराम." ते ऐकून मला बरं वाटायचं.

*

लिस्बन म्हणजे नुसते चढ-उतार. मी एक्सेलमध्ये अंतरं मोजली होती, उंची मोजली नव्हती. पहिल्याच दिवशी आई एका चढावर कठड्याला टेकून थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "नंदू, हे बघ, इथे कपडे बाहेर वाळत घालतात!" गल्लीच्या दोन्ही बाजूंना खिडक्याखिडक्यांतून चादरी, परकर, कोणाच्या तरी चड्ड्या. सिंगापूरला आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, गॅलरीत साधा नॅपकिन दिसला तरी व्यवस्थापनाची चिठ्ठी येते. आई त्या चड्ड्यांकडे बघत इतका वेळ उभी राहिली की मनीषाला हसू आवरेना. मी घड्याळ बघत होतो. पुढचा चौकोन हिरवा होता.

तिथे पिवळ्याधमक मलईची, वरून करपलेली वाटीएवढी एक पेस्ट्री मिळते. आईने हातात घेऊन वास घेतला. "अंडं असतं का रे?"

"केकमध्ये असतं तेवढंच."

"दिसत तर नाहीये," असा निवाडा करून तिने ती खाल्ली आणि सईच्या बशीतली अर्धीही खाल्ली. मी मनात एक गुण टाकला. त्या सहलीभर मी हेच करत होतो. आई हसली की एक गुण, काही आवडीने खाल्लं की एक गुण. निवडणुकीच्या निकालासारखा मी आकडा धरून बसलो होतो. आई राहणार, असा कल दिसत होता. सोबत कॉफी मागवू का म्हटलं तर तिने चहा सांगितला. आला तो चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी. तिने तो संपवला.

दुसऱ्या दिवशी एका चर्चमध्ये मी, मनीषा आणि सई आत गेलो, आई पायऱ्यांवर बसली. तासाभराने बाहेर येतो तर तिच्या शेजारी एक म्हातारी. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, मांडीवर कागदाच्या पुड्यात लालबुंद चेरी. दोघी मिळून चेरी खात होत्या आणि बिया नीट एका रुमालात गोळा करत होत्या. एक पोर्तुगीज बोलत होती, एक मराठी. निघताना त्या बाईने आईचा हात दोन्ही हातांत धरला.

"काय गप्पा मारत होतीस?" मी चेष्टेने विचारलं.

"नवरा गेला तिचा. सहा वर्षं झाली."

"तुला कसं कळलं? पोर्तुगीज शिकलीस?"

"बोटं दाखवली तिने. आणि कपडे बघ ना. रंग सोडलाय तिने, कायमचा."

एवढं म्हणून आई माझ्याकडे बघत राहिली. शिकवणारा माणूस पुढच्या प्रश्नाची वाट बघतो, तसं. मी म्हटलं, "चला चला, साडेअकराची ट्राम आहे."

*

सेव्हिलमध्ये दुपारी भट्टी पेटायची. दोनला दुकानं बंद, शटर खाली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आई म्हणाली, "शहाणी माणसं आहेत. असल्या तापल्या रस्त्यांवरून तू आम्हाला उगाच फरफटवतोयस." तिथे थंडगार टोमॅटोचं सूप आलं तेव्हा तिने एक चमचा घेतला, सगळ्यांकडे बघितलं आणि हळूच मनीषाला विचारलं, "सार गरम करायला विसरले का गं?" वाटी मात्र संपवली. तिथल्या एका जुन्या राजवाड्याच्या बागेत दगडी पन्हळीतून पाणी खेळवलं आहे. झाडाच्या बुंध्याशी येतं, थांबतं, पुढच्या झाडाकडे जातं. आईने ते बघितलं आणि ती लहान मुलीसारखी खाली वाकली. "पाट आहे रे हा! आमच्या मळ्यातला पाट!" पुढे काय झालं कळायच्या आत तिने चपला काढल्या आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. पहारेकऱ्याने शिट्टी मारली. आई दचकून उठली आणि त्या सहा फुटी मिशाळ माणसाला शुद्ध मराठीत म्हणाली, "चुकलं हं बाळा." आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. अण्णा गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

मी एकदम पाच गुण टाकले.

तिथे सई आणि ती एका खोलीत झोपायच्या. सईचं मराठी म्हणजे क्रियापद मराठी, बाकी सगळं सिंगापूरचं. आईचं इंग्रजी म्हणजे ‘थँक्यू’. तरी भिंतीपलीकडून दोघींची कुजबुज ऐकू यायची. मनीषा म्हणाली, "काय बोलतात कोण जाणे एवढं." मी म्हटलं, "गोष्टी सांगत असेल आई." गोष्टी सई विचारते म्हणून आई सांगते, हे मला सुचलं नाही.

*

आणि मग रोम. ज्या चौकोनासाठी मी सहा संध्याकाळी इंटरनेटवर घालवल्या होत्या, तो तिथे होता. एका चौकातलं जुनं कॉफीचं दुकान, उभ्याउभ्या प्यायची, टेबलखुर्ची नाही. जगातली सर्वोत्तम कॉफी, असं निदान मी वाचलेल्या साठ माणसांचं मत होतं. पित्तबित्त काही नाही, घोटभर चाखली की आईची जुनी आवड जागी होईल, असा माझा होरा. दुपारचे चार. माझं वेळापत्रक त्या दिवशी पहिल्यांदाच मिनिटाला मिनिट जुळलं होतं.

आत वाफेचा फुसफुसाट, कपांचा खणखणाट, आमच्या मागे रांग. मी चार सांगितल्या.

"मला नको," आई म्हणाली.

"आई, रोमला येऊन कॉफी नाही?"

"पित्त होतं."

"एवढ्याशा कपाने काही होत नाही. बघ तरी, औषधाच्या टोपणाएवढा आहे."

"अरे, नको म्हणतायत ना त्या," मनीषा म्हणाली.

सईने माझी बाही ओढली. "बाबा, डोंट. प्लीज."

"तू थांब गं." मागची माणसं चुळबुळत होती, काउंटरवरचा माणूस कप पुढे करून उभा होता आणि मला माझा चौकोन पूर्ण करायचा होता. मी हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "घे आई. माझी शपथ आहे तुला!"

आपण शपथा किती सहज घालतो. आणखी एक पोळी घे, माझी शपथ. थांब अजून थोडा, शपथ आहे. आईच्या पिढीसाठी ती मस्करी नाही. मुलाची शपथ मोडली तर मुलाच्या जिवावर बेततं, असं ती मनापासून मानते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि म्हणूनच ती शपथ दर वेळी लागू पडायची.

आईने माझ्याकडे बघितलं. मग कप उचलला, डोळे मिटले आणि सगळी कॉफी एका दमात प्यायली. पदराने ओठ टिपले. "छान आहे," म्हणाली.

मी तिचा फोटो काढला होता. मिटलेले डोळे, ओठांशी कप, मागे पितळी मशीन. तिथल्या तिथे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘रोममधलं समाधान!’ मिनिटाभरात अकरा अंगठे आले. मावशीचाही आला.

*

बाहेर आलो तर आई भराभर पुढे चालत गेली. त्या शहरात रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ आहेत, त्यांतून दिवसभर गार पाणी वाहत असतं. तिने तिथे वाकून चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. मग ओंजळीत पाणी घेऊन डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलत होते.

"फार कडक लागली की काय?" मी म्हणालो.

सई माझ्याकडे बघत होती. वयात येणारी मुलं आईबापांकडे रागाने बघतात, त्याची मला सवय होती. हा राग नव्हता.

"शी गेव्ह इट अप, बाबा. आजोबांसाठी. यू डोंट नो मेह?"

"काय सोडलं?"

"कॉफी लाह! त्या नदीवर. आजोबा तिला मेक करून द्यायचे ना, एव्हरी डे. म्हणून."

"तुला कोणी सांगितलं?"

"आय आस्क्ड." एवढंच. शाळेतून येताना ती आणि आजी घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बसायच्या. सगळे म्हातारे तिथे कोपी, म्हणजे इथली कॉफी, पितात, आजी एकटी चहा घेते, म्हणून हिने एकदा विचारलं होतं, का. आजीने सांगितलं होतं. मध्ये इतके महिने गेले होते आणि सईला वाटत होतं, बाबांना माहीतच असणार.

अण्णांना स्वयंपाकातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे ते निवृत्त झाल्यावर शिकले आणि एकच गोष्ट करायला शिकले. दुपारी चारला कॉफी. दूध, थोडं पाणी, साखर आधी आणि शेवटी किसणीवर जायफळाचे मोजून तीन फटके. दोन कप ट्रेमध्ये घालून, जीभ दातांत धरून, न सांडता गॅलरीत आणायचे. मग दोघं खालची रहदारी बघत प्यायची. बोलायची नाहीत. सुट्टीत घरी गेलो की मी ते सोळा वर्षं बघत होतो. आई कॉफी सोडते, दुपारी चारला आत कुठेतरी जाऊन पडते, आणि मी तिला पित्ताच्या गोळ्या आणून देतो.

मी नळापाशी गेलो.  "आई, मला माहीत नव्हतं."

"असू दे रे."

"तू सांगायचंस ना."

"शपथ घातलीस तू." तिने ओले हात पदराला पुसले. "ते गेलेत. तू आहेस. मी काय करणार होते?"

बाजूने माणसं चालली होती. कोणीतरी आइस्क्रीमचा कोन सावरत हसत गेलं.

"मी सांगून टाकलं त्यांना," आई म्हणाली. "म्हटलं, पोराने पाजली. आणि तुमच्यासारखी नव्हती. नुसती कडू."

मला हसायचं होतं, ते जमलं नाही. "मग आता? मोडलं का ते?"

"मोडतं कसलं? एकदा पाय घसरला म्हणून वाट सोडून देतात का? उद्यापासून पुन्हा सोडलेलीच."

*

नळाजवळ एक दगडी कट्टा होता. आम्ही दोघं बसलो. मनीषा सईला घेऊन समोरच्या दुकानात गेली, उगाचच, तिला काही घ्यायचं नव्हतं. एक्सेलप्रमाणे आम्ही त्या क्षणी कुठल्याशा कारंज्याकडे निघालेलं असायला हवं होतं.

आठ दिवस मी गुण मोजत होतो, पण सरळ प्रश्न असा विचारलाच नव्हता. म्हणजे ‘पास काढू ना?’ असं विचारलं होतं. ‘तुला तिथे एकटीला भीती वाटेल, नाही?’ असं विचारलं होतं. त्या कट्ट्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "आई, तुला कुठे राहायचंय?"

तिने लगेच उत्तर दिलं. इतकं लगेच, की ते कित्येक महिने तयार असणार.

"पुण्याला."

"आमच्याकडे काही कमी पडतं का?"

"काहीच कमी नाही रे. तेच तर. माझ्यावाचून अडावं असं तुमच्या घरात काही नाहीच. मनीषा माझं इतकं करते, मला लाज वाटते. मी सकाळी उठते आणि मला कळत नाही, उठले कशाला."

"पण एकटी कशी राहशील? तीन मजले, गुडघे, रात्री-बेरात्री काही झालं तर?"

"झालं तर झालं. ते इथेही होईल."

"मी येऊ शकणार नाही लगेच."

"माहितीये मला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही. तुला दुखवून गेले तर तिथे माझा जीव लागायचा नाही. तूच सांग काय ते."

समोर दुपारचं पिवळं ऊन भिंतींवर चढत होतं. मला एक गोष्ट लख्ख कळली, आणि तिची भीती वाटली. मी आत्ता ‘माझी शपथ’ म्हटलं असतं तर ती राहिली असती. नक्की राहिली असती. पंधरा मिनिटांपूर्वी तिने मरण पावलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द त्या दोन शब्दांपुढे मोडला होता. मग काही प्रश्नच उरला नसता. पुढचा पास, पुढची वर्षं, ती आमच्याजवळ, डोळ्यांसमोर, औषधं वेळेवर. शब्द माझ्या जिभेवर होते. मी ते बोललो असतो तर माझ्या काळजीपोटी बोललो असतो, हेही खोटं नाही.

मी म्हणालो, "जा. मी सोडायला येतो."

आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "ते कारंजं राहिलं ना तुझं? चल, नाहीतर तुझा तो चौकोनांचा कागद रडेल."

*

त्या ऑफिसातल्या मुलीला मी फाइल पाठवली. नवव्या दिवसाचा तो चौकोन रिकामा करून पाठवली. तिचा लगेच प्रश्न आला, "सर, इथे चारला काय करायचं?" मी उत्तर दिलं, "आईला विचार." तिने हसरा चेहरा पाठवला. तिला तो विनोद वाटला असावा.

मी बरोबर केलं का, हे मला अजून सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, मनगट मोडलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. चांगीवरून निघालेल्या विमानात पाच तास मी एकच विचार करत होतो, की त्या कट्ट्यावर दोन शब्द बोललो असतो तर आज तिचा हात धड असता. ‘झालं तर झालं’ हे म्हणणाऱ्यासाठी सोपं आहे. ऐकणाऱ्याला ते बरोबर घेऊन जगावं लागतं. दर जूनमध्ये, बसमध्ये बसायला जागा मिळाली की, हा हिशोब न लागणारा विचार शेजारी येऊन बसतो.

अशा वेळी मी त्या ऑगस्टमधला पहिला सोमवार आठवतो. आईला पुण्यात सोडून, चार दिवस राहून, भिंतीवर डॉक्टरांचे नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवून मी आदल्या दिवशीच परतलो होतो. ऑफिसला जाताना एमआरटीच्या फलाटावरून फोन लावला. पुण्यात सकाळचे पावणेसात.

"कोण, नंदू? थांब हं जरा." तिने फोन बंद न करताच कुठेतरी ठेवला. मग जिन्यातल्या वॉचमनशी बोलणारा तिचा आवाज आला, लांबून, खणखणीत. "पाणी सोडलंस का रे वर? काल टाकी अर्धीच भरली होती! सेक्रेटरींना सांग, मी आलेय म्हणावं. आणि त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला विचार, डिंक आणलाय का, मी लाडू करतेय." दार आपटलं. पावलं जवळ आली. "हं, बोल."

"झोप लागली का? गोळी घेतलीस?"

"सगळं झालं. सई शाळेत गेली का? बरं, नंदू, ठेवते मी आता. कामं आहेत मला."

फोन बंद झाला. माझी गाडी आली, दारं उघडली, मिटली आणि गाडी गेली. मी फलाटावर तसाच उभा होतो. आमच्या घरी आठ महिने राहून आईने हे वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं, आणि तिला देण्यासारखं जे जे मी शोधत होतो त्यात ते कुठेच नव्हतं.